गुणाबाईचा रंग

"मान जरा वर कर, भामा. आणि हलू नकोस," दयाराम पेंटर म्हणाला.

आईचं लुगडं नेसून भामा स्टुलावर बसली होती. गुणाबाईला जाऊन आठवडा झाला होता. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता, त्यामुळे तसबिरीसाठी लेकीला बसवलं होतं. आसपासच्या गावांत असंच चालायचं.

दयाराम मुंबईला चित्रकला शिकायला गेला होता. तिथे त्याने चित्रांत हिरवे चेहरे पाहिले होते, एका रेघेत उभी केलेली माणसं पाहिली होती. मग वडील गेले आणि पनवेलच्या बाजारातलं पाट्या रंगवायचं दुकान गळ्यात पडलं. इथल्या गिऱ्हाइकाला तसबिरीत एकच रंग हवा असे, गुलाबी. गावोगावची मेलेली माणसं त्याच्या हातून इतकी गोरी झाली होती, की सगळी एकाच घरची वाटावीत. त्या गुलाबीत त्याचा जीव गुदमरायचा.

आज एकदा तरी आपल्या मनासारखं चित्र काढायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"आय मिठागरावरशी आली का तोंड निळंकाळं पडल्यालं आसायचं," भामा सांगत होती.

त्याने तेच धरलं. गालाला निळा, कपाळाला मातकट पिवळा, उन्हाने बारीक झालेले डोळे आणि कानापासून हनुवटीपर्यंत एकच जाड काळी रेघ. काम झालं तेव्हा त्याला कित्येक वर्षांनी मोकळं वाटलं.

भामाने पाहिलं. "आय हाय ही," एवढंच म्हणाली.

थोड्या वेळाने तिचा बाप आनंदा आला. चित्रासमोर जाऊन उभा राहिला. दयाराम भांडायच्या तयारीत होता.

"बरोबर हाय, पेंटर. अशीच दिसायची," आनंदा म्हणाला. "पन हिला गोरी करा."

"बरोबर आहे म्हणता, मग कशाला?"

"जल्मभर उनात होती वो ती. आता भिंतीवर तरी तिला सावलीत बसवा."

अडून बसलेल्या गिऱ्हाइकाशी दयाराम भांडला असता. या माणसाशी कसं भांडायचं, ते त्याला कळेना. त्याने पांढऱ्यात थोडा लाल कालवला.

भामा उठली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "मी नाय बघनार. झालं का सांगा."

निळा अजून ओला होता. गुलाबीचा हात फिरवला, की खालून पुन्हा वर येत होता.

"झालं?" भामाने न वळता विचारलं.

"अजून नाही," दयाराम म्हणाला आणि गाल झाकत राहिला.