पोचेपर्यंत

"झाडू ठेवा आधी खाली, पप्पा!" उंबऱ्यावरूनच दिशा ओरडली. "मी अजून दाराबाहेरसुद्धा नाही पडले, आणि तुम्ही केर काढायला लागले?"

चोरी पकडली गेल्यासारखा सहादेव जागीच थांबला. नागापूरच्या कारखान्यात त्याची उभी हयात लेथ मशीनवर गेलेली. मशीनखाली लोखंडाचा कीस सांडला की लगेच झाडून घ्यायचा, ही शिस्त त्याने घरीही आणली होती. आज मात्र डोळे भरून येऊ नयेत म्हणून हाताला काहीतरी काम हवं होतं.

"आई काय म्हणायची? माणूस पोचेपर्यंत मागं घर झाडू नये."

"व्हय की. इसरलोच."

दिशाच्या आईचं, मालनबाईचं, माहेर पाथर्डीकडचं. तिथे घरची माणसं ऊसतोडीला निघाली की मागे राहिलेली म्हातारी तीन-तीन दिवस केरसुणीला हात लावत नसे. ट्रक कुठवर गेला असेल याचा नुसता अंदाज करत बसायचं.

"किती लांब म्हनायचं हे कलकत्ता?"

"पुण्याहून रस्त्यानं अठराशे किलोमीटरच्या वर. विमानाला अडीच तास."

"आन् हितून पुन्याला तीन! वाघोलीत अडकलीस तर चार. मंजी पुनंच लांब, कलकत्ता तर शेजारी झालं की!"

दिशा खळखळून हसली. त्याला तेवढंच हवं होतं. पहिली नोकरी, पहिलं विमान. मालनबाईने ठेवलं असतं तसं त्याने पोरीच्या तळहातावर दही-साखर ठेवली. मैत्रिणीची गाडी सामानाने गच्च भरलेली, त्यामुळे निरोप दारातच आटोपला. "येते पप्पा," म्हणून ती पाया पडली आणि गेली.

सहादेव दिवसभर कॉटवर बसून राहिला. आरशाखाली पावडर सांडली होती आणि तिच्यात दिशाचं पाऊल उमटलं होतं. दारात दह्याचा थेंब वाळला होता. कोपऱ्यात शेंगांची टरफलं. एरवी याच पसाऱ्यावरून बापलेकीचं रोज वाजायचं.

मालनबाई गेली तेव्हा पाहुण्यांनी संध्याकाळच्या आत घर झाडून-पुसून लख्ख केलं होतं. तिच्या केसांचं गुंतवळ, तुटकी बांगडी, सगळं गेलं. रीतच होती ती. पण थोडं थांबा, असं सहादेवला म्हणावंसं वाटलं होतं; ते राहूनच गेलं.

दिवेलागणीला फोन वाजला.

"पोचले पप्पा! एवढंसं तर अंतर. झाडा आता घर."

"झाडतो, बाळा. जेवून घे."

बोलणं संपलं तरी तो उठला नाही. एवढ्यात शेजारच्या राहीबाई भाजीची वाटी घेऊन आल्या. दोन्ही घरांत भिंत एकच. इकडे खोकला आला तर तिकडे पाणी प्यायचे.

"आगं बया, भाऊ, दिवा लावायची येळ झाली आन् केर तसाच? सरका, मी काढते."

त्यांनी झाडू उचलला. सहादेव ताडकन उभा राहिला.

"थांबा, वैनी! आजून... आजून पोचली न्हाई पोरगी."

राहीबाईंनी त्याच्याकडे बघितलं. हातातला फोन अजून उजळलेलाच होता.

"व्हय वं," त्या हळूच म्हणाल्या. "लांबचा पल्ला हाय. लागंल येळ."

झाडू त्यांनी दारामागे उभा करून ठेवला आणि जाताना पावडरीवरचं पाऊल चुकवून, पदर सावरत, कडेकडेने बाहेर पडल्या.