गाय, बायका, मधमाशी

मुनिराने काचेच्या कपाटाची किल्ली शहरबानूच्या तळहातावर ठेवली आणि आपल्याच हाताने तिची मूठ मिटवली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. शहरबानूची मूठ वर्षभर झाकलेलीच होती. आता या एवढ्याशा किल्लीने ती उघडणार होती.

"माझी आई आजारी आहे. मी बैरूतला जाऊन सोमवारी परत येते," मुनिरा म्हणाली. "सोमवारीच अमीदा पाहुण्या घेऊन लायब्ररी दाखवायला येणार. कपाट तू लाव. दहा पुस्तकं तूच निवड, पण अभ्यासाची नकोत. पोरी दारातून आत येताना थांबल्या पाहिजेत, बस्स."

अमीदा म्हणजे कुवेतमधल्या त्या मुलींच्या कॉलेजच्या मुख्य बाई. त्या हसल्याचं कुणाच्या स्मरणात नव्हतं. मुनिरा ग्रंथपाल, मूळची पॅलेस्टाईनमधल्या याफाची, आता राहायला कुवेतच्याच हवल्ली भागात. आणि शहरबानू तिची मदतनीस, रत्नागिरीकडची. तिची झाकली मूठ अशी, की तिला अरबी वाचता येत होतं, समजत मात्र नव्हतं.

यात ती कुणाशी खोटं बोलली होती असंही नाही. खाडीकाठच्या गावात सातवीपर्यंत मराठी शाळा आणि झुलेखा खालाच्या पडवीत कुराण, एवढं तिचं शिक्षण. खाला मांडीवर छडी घेऊन बसायची. एक अक्षर चुकलं की एक छडी. त्यामुळे उच्चार असे घडले की ऐकणारीने डोक्यावर पदर घ्यावा. अर्थ मौलवींनी बघायचा, पोरींनी नाही. पुढे ती नवऱ्याला भेटायला कुवेतला आली, तेव्हा कॉलेजला लायब्ररीसाठी बाईच हवी होती. मुनिराने मुलाखतीत एक जुनं पुस्तक पुढे सरकवलं आणि 'वाच' म्हणाली. त्यात जेर-जबर, म्हणजे उच्चाराच्या बारीक खुणा, प्रत्येक अक्षराला लावलेल्या होत्या. शहरबानूने ते पान असं म्हटलं, की शेजारच्या खोलीतला टाइपरायटर थांबला. समजलं का, असं कुणी विचारलं नाही. न विचारलेलं आपण होऊन सांगायची रीत नोकरीच्या बाजारात कुठेच नाही.

ती बोलताना अडखळायची, त्याचंही कारण मुनिरानेच शोधून ठेवलं होतं. याफाला म्हणे एक हिंदुस्थानी मौलवी होता. व्याकरणात भल्याभल्यांना चीत करायचा, पण दुकानात भाकरी मागता यायची नाही. "तुम्हा हिंदी लोकांचं पुस्तकी अरबी पक्कं, बाजारी कच्चं," मुनिरा म्हणायची. हिशेब नेमका उलटा होता. भाकरी, मासळी, उद्या ये, महाग आहे, एवढं शहरबानूला फाडफाड येत होतं. पुस्तकं ती पाठीवरच्या आकड्यांवरून लावायची. एकही कधी भलत्या जागी गेलं नव्हतं, त्यामुळे संशयाला कुठून आत शिरायला फट नव्हती.

संध्याकाळी तिचा नवरा अशरफ कुवेत सिटीतून आला. तिथे तो एका जहाज-एजंटाकडे कारकून होता. त्याचे बूट निघेपर्यंतसुद्धा तिला धीर निघेना.

"अवो, मेले मी. दहा पुस्तकं निवडायला सांगितलीत मला."

"मग निवड की. मोठ्या चित्रांची घे. चित्राला जेर-जबर लागत नाही."

"आणि पाहुण्यांनी विचारलं यात काय आहे, तर?"

"म्हणायचं, वाचून बघा. लायब्ररीत दुसरं काय सांगतात गो?"

स्वतःच्या विनोदावर तो हसला आणि अर्ध्यातच थांबला. त्याची नजर खोलीभर फिरली. पलंग, स्टो, खिडकीत वाळत घातलेला बांगडा. ही खोली कॉलेजची होती, शहरबानूच्या नोकरीला जोडलेली. त्याआधी तो हवल्लीत रत्नागिरीच्याच माणसांबरोबर एका खोलीत राहायचा आणि बायको गावी.

"नोकरी गेली तर खोली जाईल," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे मी बोटीत आणि तुम्ही हवल्लीत."

"तिथे हारून घोरतो, शहरबानू. सारी रात्र इंजिन. मला नाही जायचं परत तिथं."

ती हसली नाही. हारूनच्या घोरण्याआड तो काय लपवतोय, ते तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मुली वर्गात गेल्या तशी ती मांडण्यांमधून फिरू लागली. बोट पुस्तकांच्या पाठीवरून चाललेलं, ओठ हलताहेत. खुणांशिवायची नावं म्हणजे वल्ह्याशिवायची होडी. कुठे वळायचं तेच कळेना. दोन मांडण्या झाल्या, हाती शून्य. मग एका जाड पाठीवर बोट अडखळलं. नह्ल.

नह्ल म्हणजे मधमाशी! सूरा नह्ल हा कुराणाचा अध्याय पाठ होत नव्हता तेव्हा झुलेखा खालाने छडी बाजूला ठेवून मधमाशीची गोष्ट सांगितली होती. सूरांचा अर्थ खाला सांगत नसे, पण त्यांच्या नावांचा मात्र सांगायची, म्हणजे पोरींच्या लक्षात राहील. गाय, बायका, मधमाशी, मुंगी, कोळी, तारा, चंद्र, लोखंड, अंजीर, हत्ती. शहरबानूचं सगळं अरबी भांडवल ते एवढंच. तिने पुस्तक उघडलं. आत खरोखरच पोळं होतं आणि जाळीचा टोप घातलेला माणूस.

मग मात्र ती शिकारी झाली. गुरांच्या रोगांचं पुस्तक मिळालं. मुंग्यांचं मिळालं, कोळ्याचं मिळालं. ताऱ्यांचं, चंद्राचं. लोखंड ओतण्याच्या कारखान्याचं, अंजिराच्या बागांचं. हत्तीसाठी शिडी चढावी लागली. राहिल्या बायका. 'निसा' हा शब्द कोपऱ्यातल्या एका जाडजूड ग्रंथावर सापडला. नावात आणखीही एक शब्द होता, तो काही तिला लागला नाही. तिने मधलं पान उघडलं आणि सुटकेचा श्वास सोडला. पानभर जेर-जबर! तिच्या गावात जेर-जबर लावलेली छपाई म्हणजे दीनाची, धर्माची किताब. ती उंचावर ठेवायची, पाठ करायची नाही तिच्याकडे. बायकांनी कसं वागावं याचाच उपदेश असणार, मुलींच्या कॉलेजला याहून शोभेसं काय? तिने ग्रंथ कपाळाला लावला.

कपाटात पुस्तकं कुठल्या क्रमाने लावायची? क्रम तिला एकच माहीत होता, कुराणातला. पहिली गाय, मग बायका, मग मधमाशी, अशी ओळ शेवटच्या हत्तीपर्यंत. फक्त उपदेशाच्या ग्रंथाखाली तिने लाकडी घोडी दिली, इतरांपेक्षा उंच.

शनिवारी मुली दारात थांबल्या. आधी हसल्या. गाईच्या शेजारी बायका, लोखंडाच्या शेजारी अंजीर, हा काय बाजार? मग लैला नावाच्या एका चुणचुणीत मुलीने काचेवर बोट नेत नेत ओळ पुरी केली आणि किंचाळलीच, "सूरा आहेत गं! क्रमाने!" ते कोडं कॉलेजभर झालं. इतिहासाच्या मुलीने मधमाश्या नेल्या. जिने अभ्यासाखेरीज पानाला हात लावला नव्हता, ती लोखंडाची भट्टी घेऊन गेली. शहरबानू शिक्के मारत होती. कधी नव्हे ती तिला भूक लागली.

दुपारी लैला परत आली, एकटी. "खाला, ते उंचावरचं. इथेच बसून वाचते. घरी भाऊ आहेत."

उपदेशाचं पुस्तक भावांपासून कशाला लपवायचं? शहरबानूने ग्रंथ काढला, चाळला, आणि शेवटच्या पानांशी तिच्या हाताला चटका बसावा तसं झालं. चित्रं होती. बाईच्या पोटाच्या आतली.

जुन्या काळच्या हकिमाने लिहिलेला, बायकांच्या दुखण्यांवरचा तो ग्रंथ होता. तिने तो झटकन मिटला. लैलाने तिचा हात धरला. "परीक्षा झाली की माझं लग्न आहे," ती सोप्या सोप्या शब्दांत म्हणाली, बाजारातल्या. "आईला विचारलं. आई म्हणते, मावशीला विचार. मावशी म्हणते, नवऱ्याला विचार. मी विचारू कुणाला?"

एवढं अरबी शहरबानूला येत होतं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आपल्यालाही 'गप बस' एवढंच उत्तर मिळालं होतं, हेही तिला आठवत होतं. तिने ग्रंथ लैलापुढे ठेवला. रविवारी त्या टेबलाशी लैलाबरोबर आणखी डोकी जमली. सोमवारी सकाळी पाहुण्या यायच्या आत ग्रंथ मांडणीत परत लावायचा आणि घोडीवर चंद्र ठेवायचा, असं तिने ठरवलं होतं.

सोमवारी अमीदा ठरल्या वेळेच्या आधी आल्या. बरोबर चार-पाच बायका आणि काळ्या अबायात गुंडाळलेली एक म्हातारी, जिच्या मुलाने पुस्तकांसाठी देणगी दिली होती. पाठोपाठ विमानतळावरून थेट आलेली मुनिरा, हातात अजून प्रवासाची पिशवी. कपाटापाशी 'वा' झालं. मुनिराने शहरबानूकडे बघून मान डोलावली. आणि कोपऱ्यातल्या टेबलावर लैलाने गडबडीने ग्रंथ अबायाखाली ओढला. तो निसटला आणि धाडकन जमिनीवर, चित्रांच्या पानावर उघडा पडला.

अमीदांनी तो उचलला. पान पाहिलं. त्यांच्या मानेवर लाली चढली.

"हे तुला कुणी दिलं?"

या बाई आज लैलाच्या बापाला फोन करणार, हे खोलीतल्या प्रत्येकीला दिसत होतं.

शहरबानूसमोर दोन वाटा होत्या. मला यातलं कळत नाही म्हणावं, तर निर्लज्जपणाचा डाग धुतला जाईल. पण नोकरी जाईल, खोली जाईल आणि पोरगी एकटी सापडेल. कळतं म्हणावं, तर डाग आपला.

"मी दिलं," ती म्हणाली. "कपाटात मी ठेवलं."

"यात काय आहे, माहीत आहे तुला?"

"माहीत आहे."

"आणि मुलींनी वाचण्याजोगं आहे?" अमीदांनी ग्रंथ मधोमध उघडून तिच्यापुढे आपटला. "मग वाच. मोठ्याने. पाहुण्यांनाही ऐकू दे तुझी निवड."

त्यांना वाटलं, ही दुसऱ्या ओळीला रडेल. शहरबानूने पानाकडे पाहिलं. जेर-जबर जागच्या जागी होते. तिने पदर सारखा केला आणि झुलेखा खालाच्या पडवीत बसल्यासारखी वाचू लागली.

तिचा आवाज छताला लागला. प्रत्येक अक्षर घशातून, टाळूतून, दातांतून जिथून यायचं तिथूनच आलं. कुठल्या शब्दाला कुजबुजावं, कुठल्या शब्दाला खोकावं, ते तिला माहीतच नव्हतं. जे शब्द बायका एकमेकींच्या कानातही अर्धे बोलतात, ते तिने पुरे, स्वच्छ, थांबे घेत घेत म्हटले. एक पाहुणी छताकडे बघू लागली. पान संपलं.

"बस!" अमीदा म्हणाल्या.

"बस कशाला?" म्हातारी खुर्चीवर पुढे सरकली. "नऊ बाळंतपणं झाली माझी. हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. माझ्या सुनांनाही सांगायला हवं. पुढे काय म्हणतोय हकीम? वाच, बाई."

देणगीदाराच्या आईला गप्प करणारी अमीदा अजून जन्मायची होती. शहरबानूने दुसरं पान वाचलं. मग पाहुण्या चहाला गेल्या. म्हातारी जाताना ग्रंथाचं नाव दोनदा विचारून गेली. अमीदांनी एकच हुकूम सोडला. ग्रंथ कपाटात नको, पण मांडणीवर राहू द्या. लैलाच्या बापाचं नाव काही निघालं नाही.

मुली पांगल्यावर मुनिराने दार लावलं.

"किल्ली," ती म्हणाली.

शहरबानूने ती टेबलावर ठेवली.

"दुसऱ्या पानावर एक शब्द आहे, शहरबानू. मी चार मुलांची आई आहे, पण चारचौघींत तो माझ्याच्याने उच्चारवणार नाही. तू तो असा म्हटलास जसा अजानमधला. तुला अर्थ कळत नाही. होय ना?"

शहरबानूच्या डोळ्यांपुढे बोटीचा जिना आला. "एक शब्द कळला," ती म्हणाली. "बायका."

मुनिरा उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. "मुलाखत मी घेतली होती. म्हणजे बुडलीस तर मला घेऊन बुडशील," ती म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती, हिशेब होता; आणि हिशेबाचा भरवसा शहरबानूला मायेपेक्षा जास्त वाटला. "उन्हाळ्याच्या सुट्टीआधी नेमणुका पुन्हा ठरतात. तोवर रोज दुपारी इथे बसायचं. तोवर वाचलेलं समजू लागलं नाही, तर अमीदांना मी स्वतः सांगेन. कबूल?"

"कबूल. सुरुवात कुठून?"

"आज सगळ्यांना ऐकवलंस तिथून. काय बोललीस ते तुला तरी कळायला नको?"

मुनिराने ग्रंथ ओढला, पहिल्या ओळीवर पेन्सिल ठेवली आणि अर्थ सांगितला. बाजारी अरबीत तो मावेना, तेव्हा हातांनी करून दाखवला.

शहरबानूचे कान पेटले. "हे मी बोलले? त्या म्हातारीसमोर?"

"खणखणीत."

शहरबानूने पदर तोंडात कोंबला, आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढच्या ओळीवर ठेवलं.