पुरीमच्या दिवशी फाटलेला झगा

मी हिरवा झगा बोलतोय. माझ्याकडून गोड बोलण्याची आशा ठेवू नका. मला एका माणसाचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला स्वतःसाठी शिवलं. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेता घेता तिचं स्वतःचं कापड दोन वर्षं कपाटात पडून होतं. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ती मला घालून सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जायची. तिचा नवरा पाववाला, अंगाने आडवा आणि स्वभावाने लाजाळू.

पुरीम आला. एस्तेर राणीने आपल्या ज्यू लोकांना वाचवलं, त्या आनंदाचा हा सण. त्या दिवशी लोक सोंगं घेतात. मुलांनी पाववाल्याला गळ घातली, "काका, तुम्ही राणी व्हा."

त्याने भीत भीत मला मागितलं. तिने माझ्या कुशी उसवून मला सैल केलं. "श्वास जरा बेतानं घ्या," ती म्हणाली.

सिनेगॉगच्या सभागृहात मुलं हसून लोळली. पाववाल्याला इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात तिचा थोरला भाऊ पुढे आला. तो खाटीक, शास्त्राला पक्का.

"पुरुषाने बाईचं वस्त्र घालू नये, असं आपल्या धर्मग्रंथात, तोरात लिहिलंय. काढा ते."

"सणापुरतंच आहे हो," पाववाला पुटपुटला.

भावाने माझा गळा धरून हिसका दिला. मी कमरेपर्यंत टर्रकन फाटलो. पाववाला बनियनवर उभा राहिला, दोन्ही हातांनी पोट झाकून.

सिनेगॉगचे धर्मगुरू, रब्बी, भावाला म्हणाले, "पुरीमच्या मौजेत हे चालतं, असं काही जुने पंडित म्हणतात. बरेच जण नको म्हणतात. मला विचारलं असतं तर मीही नकोच म्हटलं असतं. पण चारचौघांत माणसाची लाज काढणं म्हणजे त्याचं रक्त सांडणं, हेही आपलंच शास्त्र सांगतं. माफी माग."

"मी धर्मच सांगितला," म्हणून भाऊ चालता झाला.

पाववाला पुन्हा सिनेगॉगची पायरी चढला नाही. घरीच प्रार्थना करतो, तीही दार लावून.

आठ महिन्यांनी भाऊ मुलीच्या लग्नाचं कापड घेऊन बहिणीच्या शिवणाच्या दुकानात आला. "तिला तुझ्याच हातचं हवंय."

"दादा, दोन गल्ल्या सोडून यांची पावाची भट्टी आहे. आधी तिथे जाऊन ये."

"बायकोचा झगा घालणाऱ्यापुढे मी वाकू?"

तिने कापडाची घडी घालून त्याच्या हातात दिली. लाडक्या भाचीच्या लग्नाला ती गेली नाही. त्या दिवशी मला मांडीवर घेऊन ती रडली आणि मग सुईत दोरा ओवला.

"शिवून टाक आता," नवरा म्हणाला.

"शिवला की सगळे म्हणतील, मिटलं." तिने सुई ठेवून दिली.

तेव्हापासून मी दुकानात टांगलेला आहे, फाटकी बाजू रस्त्याकडे करून. भाऊ हल्ली पलीकडच्या कडेने जातो. तुम्ही आत आलात तर माझ्यासाठी हळहळू नका आणि रफूचं तर नावच काढू नका. तो भट्टीवर जाईपर्यंत मला असंच राहायचं आहे.