घरचं एक बटण

बटण तळहातावर होतं आणि त्यात कारखान्याची खिडकी दिसत होती — गजांसकट, एवढीशी, वाकलेली. त्याने ते फिरवलं. पुन्हा खिडकीच. डाव्या अंगाला पिवळा डाग असायला हवा होता, अंगठ्याएवढा... त्याने पुन्हा फिरवलं.

घरच्या रेडिओचं बटण. बायको रोज सकाळी ते पिरगाळायची, कधी पिठाच्या, कधी साबणाच्या हाताने, आणि वर्षानुवर्षं पिरगाळून वरचं निकेल उडालं होतं, आतलं पितळ उघडं पडून तिथे जरासं खोलगटही झालं होतं. "अहो, सगळ्या जगाला चकाकी देता, घरचं एवढंसं बटण तेवढं जड जातं?" ती म्हणायची. आणि पॉलिशच्या चाकावर आयुष्य घासलेला हा माणूस म्हणायचा, "उद्या नेतो." उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून रोज सकाळी तो रेडिओ न लावताच त्या खोलगट जागेत अंगठा ठेवून उभा राहायचा. त्याचा अंगठा मोठा, पुरता मावायचा नाही. काल बटणाचा स्क्रू निघाला म्हणून ते इथे कारखान्यात आणून त्याने कामावरच्या जोडीदाराला दिलं होतं. स्क्रू बसवायला. फक्त स्क्रू.

"कसं झालंय?" जोडीदार निकेलचा मुलामा चढवायच्या टाकीवरचा, मुद्दाम हातमोजे काढून समोर येऊन उभा राहिला होता. "वहिनी किती मागे लागायच्या तुझ्या. म्हटलं, आपण तरी करू."

रागावता येईना. मन भलतीकडेच धावलं — निकेल उतरवता येतं, आम्लात बुडवलं की उतरतं, खालचं पितळ तसंच राहतं, खोलगट जागाही तशीच... निकेल काही लपवत नाही, खालचा खड्डा वर दिसतोच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि बटणावर खड्डा दिसत नव्हता. तरी त्याने विचारलं, "आधी घासलं नव्हतंस ना?"

"मी कशाला घासू?" जोडीदार हसला. "तूच घासलंस! सकाळी तुझ्या ट्रेमध्ये टाकलं, बाकीच्या बटणांत. पत्ता लागू दिला नाही तुला."

सकाळी... चाकाची घरघर, तोंडाला फडकं, बोटांत एकामागून एक बटण — आणि मधेच एक, जरा खोलगट. हो. लागलं होतं. बोटांनी सांगितलं होतं, आणि त्याने नेहमीसारखा दाब वाढवला होता, खड्डा जाईपर्यंत, संध्याकाळी भाजी कोणती न्यावी असलं काहीतरी डोक्यात घोळवत. तिला किती वर्षं लागली ते व्हायला... आणि मी, माझ्याच हाताने, भाजीचा विचार करत करत...

"काय रे, आवडलं नाही?"

"छान झालंय," तो म्हणाला. खरंच छान झालं होतं. कुठे ओरखडा नाही, कुठे लाट नाही. ती असती तर दहादा फिरवून बघितलं असतं, शेजारणीला बोलावून दाखवलं असतं. डाग गेला म्हणून ती खूश झाली असती — आणि त्याला तिचाच राग आला.

संध्याकाळी त्याने बटण रेडिओवर बसवलं. अंगठा ठेवला. तो कुठेच अडेना, गुळगुळीत घसरत राहिला.

"केलं बरं का," तो स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला. आपण मोठ्याने बोललो, हे जरा उशिराच त्याच्या ध्यानात आलं. उद्यावर ढकलायला तिचं एवढं एकच काम उरलं होतं.