मागचं फाटक

सासूबाईंनी मिठाची बरणी उचलली आणि जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवली.

"हे तुझं हॉटेल. हा चमच्यांचा डबा म्हणजे मुलांचं खेळघर. आग लागली की पोरं मागच्या फाटकातून बाहेर, आईबाप पुढच्या अंगणात. बरोबर?"

"बरोबर." सुनेने लेकीला घास भरवला. समुद्रकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात पाहुण्यांच्या सुरक्षेचं काम तिच्याकडे होतं, आणि उद्या मॅनेजरपुढे आपत्तीची योजना मांडायची होती.

"मग पोरं मागे गेलीत, हे आयांना कोण सांगणार?"

"स्पीकरवरून सांगायचं ना, आई."

"आधीच सांगून ठेवा की. खोलीची किल्ली देताना. धूर दिसल्यावर स्पीकर कोण ऐकतंय? मी असते तर सरळ आत घुसले असते."

"सुट्टीला आलेल्या माणसाला दारातच आगीचं सांगायचं? असलं अभद्र कशाला बोलायचं?"

ती हसली. दूध तापायच्या आधीच फुंकर मारत बसणाऱ्या बाईचं किती मनावर घ्यायचं! नवरा तर म्हणायचा, आई लिफ्टमध्येसुद्धा, अडकलो तर म्हणून, जेवणाचा डबा घेऊन चढेल.

मॅनेजरला योजना पसंत पडली. किल्ली देताना म्हणायची स्वागताची चार वाक्यं तिनेच लिहून दिली. त्यांत समुद्र होता, नाश्ता होता, आग नव्हती. ती काही बेफिकीर नव्हती. तिची स्वतःची लेक दिवसभर त्याच खेळघरात असायची, म्हणून मागच्या फाटकाची कडी ती रोज सकाळी स्वतः काढून बघायची.

धुलाईखान्यात आग लागली ती भर दुपारी. सगळं ठरल्याप्रमाणे झालं. आधी वीज तोडली. मग गाठी मारलेली दोरी धरून मुलं गाणं म्हणत रांगेने मागच्या फाटकातून बाहेर आली. तिने आपल्या लेकीचा हात इतका घट्ट धरला, की पोर कळवळली. मग वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

"सर, मुलं सगळी बाहेर."

"शाबास!" मॅनेजर पुढच्या अंगणातून ओरडला. "इकडे स्पीकर बंद आहे. वीज नाही ना."

"मग तोंडाने सांगा! ओरडून सांगा!"

"सांगतोय, सांगतोय. नुसता गोंधळ आहे इथे. अहो, त्या बाईंना धरा कुणीतरी..."

पुढे नुसती खरखर.

दोरीच्या शेवटच्या गाठीला एक लहानगी उभी होती. पायात एकच चप्पल.

"माझी आई येईल आता," ती म्हणाली. "लपाछपीत मी कुठेही लपले ना, तरी ती शोधून काढते. सोडतच नाही."

"हो." फरशी तापली होती. तिने आपल्या ओढणीची घडी करून त्या उघड्या पायाखाली सरकवली.

धूर ओसरल्यावर त्या लहानगीची आई सापडली ती खेळघरातच. पोहून आलेली, केस अजून ओले. खेळण्यांच्या कपाटाची सगळी दारं तिने उघडली होती. छोट्या गाद्या एकेक करून उलटून पाहिल्या होत्या.

चौकशी झाली. पाहुण्या बाई सूचना न जुमानता आत गेल्या आणि गुदमरून दगावल्या, असं ठरलं. एकाही मुलाला साधा ओरखडा नाही, याचं मात्र फार कौतुक झालं. दुसऱ्या हॉटेलांतून माणसं तिची योजना शिकायला आली. तिला बढती मिळाली. स्पीकरला बॅटरी बसली. स्वागताची वाक्यं चारच राहिली.

"आता तर आगीचं नावसुद्धा नको," मॅनेजर म्हणाला. "आत्ता कुठे लोक परत यायला लागलेत."

घरी सासूबाई मिठाची बरणी आणि चमच्यांचा डबा आता एकमेकांना चिकटून ठेवतात.

मग ती किल्ल्यांच्या काउंटरपाशी उभी राहू लागली. मॅनेजरची पाठ वळली की लेकुरवाळ्या बायकांना हळूच गाठायची. काल अशीच एक आली. कडेवर पोर, खांद्यावर फुगवलेलं पिवळं बदक.

"ताई, एक ऐका. काही झालंच, तर तुमचं बाळ मागच्या फाटकापाशी असेल. आत शोधायला जायचं नाही. वळसा घालून मागे यायचं."

"अहो, सुट्टीला आलोय आम्ही!" बाई हसत सुटली. "असलं अभद्र कशाला बोलता?"

बदक सावरत ती जिन्याकडे निघूनही गेली.

"काय चाललं होतं?" मागून मॅनेजरने विचारलं.

"काही नाही, सर. स्वागत."

आज तिचं टेबल वरच्या मजल्यावर हलवलंय, बढतीला शोभेल अशा खोलीत. खिडकीतून समुद्र दिसतो. काउंटर दिसत नाही, फाटकही नाही.

ती बदकवाली अजून तिथेच उतरलीय. तुम्ही त्या बाजूला असाल, तर तिचं दार एवढं वाजवा. हसेल ती, हसू दे. मागचं फाटक कुठे आहे ते तिला माहीत आहे का, तेवढं बघून या.