पाचव्या पायाखालचे नाव

मित्रांनो, मी भिंतीवरचा एक म्हातारा हत्ती आहे. बडोद्याच्या जुन्या वस्तीत मारुतीचे एक लहानसे देऊळ आहे, त्याच्या ओसरीत माझा मुक्काम. उंची जेमतेम दोन हात, पाय मात्र पाच! चिताऱ्याने एक पाय चुकीच्या जागी काढला, मग तो रंगाने झाकून दुसरा काढला. पुढे वरचा रंग उडाला आणि झाकलेला पाय बाहेर डोकावू लागला. मला त्याची फार लाज वाटे.

माझ्या पाठीवर एक शिलेदार बसला आहे. एका हातात तलवार, दुसऱ्यात उघडी छत्री, आणि मिशा तर कानापर्यंत. एके काळी लोक आम्हाला मुद्दाम बघायला येत. पुढे मला सोंड आहे एवढेच लोकांच्या लक्षात राहिले आणि माझा गणपती झाला. शेजारच्या येसूबाई चाळीस वर्षे दर मंगळवारी मला शेंदूर लावत. त्यांची माया मला कळत होती हो, पण थरावर थर चढत गेले. सोंड गेली, सुळे गेले, गंडस्थळ गेले. शेंदूर शिलेदाराच्या मिशीला भिडला, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. आणखी थोडा चढला असता, तर त्याचा चेहरा कायमचा गेला असता.

यंदाच्या सुट्टीत, एका मंगळवारी, बडोद्यातल्याच हरणी भागातल्या एका सोसायटीतली मुले सहलीला आली. सकाळी जवळच्या डभोईचा किल्ला दाखवून सहल काढणाऱ्या रसिकाताईंनी त्यांना इथे आणले होते. येसूबाई वाटीत बोट बुडवून माझ्यासमोर उभ्याच होत्या.

“ताई, जुओ ने, बघा ना, पाच पाय!” भक्ती नावाची मुलगी खदखदून हसली. मोजायला खाली वाकली आणि म्हणाली, “पाचव्या पायाखाली काहीतरी लिहिलंय. संपतराव... शिलेदार.”

येसूबाईंचा हात तिथेच थांबला.

“हे तर आमच्या ह्यांचे खापरपणजोबा! घरात त्यांचं चित्रच नाही. दसऱ्याला त्यांच्या तलवारीशेजारी नुसती सुपारी मांडतो आम्ही, त्यांच्या नावाची.”

“आजी, हा गणपती नाही. मिरवणुकीतला हत्ती आहे,” रसिकाताई हळूच म्हणाल्या.

येसूबाईंनी बोटाचा शेंदूर वाटीच्या काठावर निपटला. “अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी घरच्याच माणसाला पुसत होते?”

मग वाटीतला शेंदूर त्यांनी आत नेऊन मारुतीला लावला.

मित्रांनो, जुन्या चित्रांना हात जोडण्याआधी त्यांच्याकडे एकदा नीट बघा, एवढेच मागणे आहे. माझ्या पाचव्या पायाला हसलात तरी चालेल. मला आता त्याची लाज वाटत नाही.

यंदा दसऱ्याला येसूबाईंनी सुपारी मांडली नाही. तलवार घेऊन त्या ओसरीत आल्या. झेंडूचा हार माझ्या पायांशी, जमिनीवर ठेवला. माझ्या पाठीवरच्या शिलेदाराकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग डोक्यावर पदर घेऊन म्हणाल्या, “नमस्कार करते. ओळखायला उशीर झाला.”