मला कपाटात कोंडू नका

मित्रांनो, मी एक जुना डेस्कटॉप संगणक आहे. लगेच 'अरेरे' म्हणू नका, मला कीव आवडत नाही. माझ्या पत्र्याच्या कॅबिनेटचा एक कोपरा चेपलेला आहे. पुढचं झाकण काळं आणि बाजूचं राखाडी आहे. बटण दाबलं की मी घसा खाकरल्यासारखा आवाज करतो. पण बटण दाबलं की मी सुरू होतो, आणि हे सांगताना माझी मान ताठ असते.

माझा जन्म कुठल्याही एका कारखान्यात झाला नाही. माझा मदरबोर्ड आणि त्यावरचा प्रोसेसर आधी एका विमा कचेरीत नोकरीला होते. पडद्यावर चित्रं उमटवणारं माझं ग्राफिक्स कार्ड एका कॉलेजकुमाराचं. तो परीक्षेत गटांगळ्या खाऊ लागला, तेव्हा वडिलांनी त्याचे खेळ बंद केले आणि कार्ड विकून टाकलं. कॅबिनेट तर फुटपाथवर कचऱ्याच्या गाडीची वाट बघत उभं होतं. थोडक्यात, मी बारा गावचं पाणी प्यालेला आहे.

मला जिनं एकत्र आणलं तिला मी ताई म्हणतो. ताई लग्नानंतर या परक्या देशात आली. त्याआधी ती नाटकांची नेपथ्यं करायची. रंगमंचावर घर उभं करायचं, जिना चढवायचा, पडक्या भिंतीला ओल आणायची, ही तिची कामं. इथं आल्यावर तिला एका बेकरीच्या काउंटरवर काम मिळालं. पहाटे जायचं, दुपारी परत यायचं. घरात तिचा नवरा, म्हणजे माझे भावोजी, आणि सासूबाई. दोन खोल्या, एक गोल जेवणाचं टेबल आणि खिडकीबाहेर ट्रामचे रूळ.

बेकरीत पाव घ्यायला येणाऱ्या एका बाई तिथल्या नाट्यगृहाच्या संचालिका होत्या. ताईनं पावाच्या पिशवीवर पेन्सिलीनं काढलेला एक जिना त्यांनी पाहिला आणि विचारलं, "हे तुम्ही काढलंत? आमच्या नव्या नाटकाला नेपथ्य हवंय. आठ-दहा जण आराखडे देणार आहेत. तुम्हीही द्या. पण कागदावर नको. प्रेक्षकाला रंगमंच कसा दिसेल, उजेड कसा फिरेल, ते चलचित्रात दाखवायचं."

नाटक होतं एका दीपगृहाच्या रखवालदाराच्या घरातलं. ताई घरी आली ती हवेत चालतच. अडचण एकच होती, चलचित्र करायचं कशावर? भावोजींचा लॅपटॉप त्यांच्या कंपनीचा. त्यात बाहेरचं काही घालायला बंदी. मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यानं तिला चकचकीत यंत्रं दाखवली. परवडणारं कुठलं, असं तिनं विचारताच तो हसून म्हणाला, "मॅडम, या कामाला परवडणारं असं काही नसतं."

"पुढच्या वर्षी बघू या," भावोजी म्हणाले. "तोवर बोनसही होईल."

"नाटक पुढच्या वर्षापर्यंत थांबणार आहे का माझ्यासाठी?"

 ताईनं कोट चढवला आणि ती बाहेर पडली.

ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ एका म्हाताऱ्याचं जुन्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या कानामागे कायम स्क्रूड्रायव्हर असतो, म्हणून सगळे त्याला स्क्रूकाका म्हणतात. ताईनं काय हवं ते सांगितलं. काकांनी डोकं हलवलं.

"असल्या जुन्या सामानावर ते काम ओढणार नाही. मी विकेन, पण हमी देणार नाही."

"हमी मी देते. तुम्ही फक्त खोकी काढा."

तिनं एकेक भाग उजेडात धरून पाहिला. फक्त वीज पुरवणारी पेटी तिनं नवी, सीलबंद घेतली. त्या एका बाबतीत काकांचं आणि तिचं एकमत झालं. बाकी सगळा होतो मी, जुनापुराणा.

मला जोडलं ते जेवणाच्या टेबलावर. ताईनं प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा, पण सुकून खडखडीत झालेला जुना लेप पुसला आणि नवा लावला. रॅमच्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरानं घासली आणि पट्टी खाचेत दाबली. सासूबाई चष्मा नाकावर आणून बघत होत्या.

"काय गं, हे एवढं जोरात दाबतेस, मोडणार नाही ना?"

"आई, न दाबता बसतच नाही ते."

"मग दाब बाई. घाबरून काही होत नाही."

शेवटी वायर लावली, बटण दाबलं. माझे पंखे गरगरले. पण पडदा काळाकुट्ट! ताईनं सगळं काढलं, पुन्हा लावलं. पडदा काळाच. आत मी अगदी जागा होतो, मित्रांनो, पण सांगणार कसं? तिचे डोळे भरून आले. एवढ्यात भावोजी आले आणि म्हणाले, "म्हटलं होतं मी, भंगार ते भंगार."

त्या शब्दानं तिचे डोळे जागच्या जागी कोरडे झाले. ती मागच्या बाजूला वाकली, पडद्याची तार कुठं खोचलीय ते बघितलं आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारला. तार मदरबोर्डच्या भोकात होती, ग्राफिक्स कार्डच्या नव्हे! तिनं ती बदलली आणि मी लख्ख उजळलो. "भंगार बोललं बरं का!" सासूबाई मुलाकडे बघून म्हणाल्या.

मग मला बाहेरच्या खोलीचा एक कोपरा मिळाला आणि माझे कामाचे दिवस सुरू झाले. बेकरीतून आल्यावर ताई हात धुऊन माझ्यासमोर बसायची. तिनं दीपगृहाची गोल खोली उभी केली. भिंतीला खारट ओलीचे डाग दिले. छताजवळ फिरणारा दिवा ठेवला. तो फिरला की खुर्च्यांच्या सावल्या भिंतीवरून धावायच्या, आणि त्या प्रत्येक सावलीचा हिशेब मला करावा लागायचा. एकेक चित्र रंगवून ठेवायचं, अशी हजारो चित्रं जोडली की चलचित्र होतं. विमा कचेरीत आयुष्य घालवलेल्या प्रोसेसरला हे काम म्हणजे उतारवयात तालमीत उतरण्यासारखं होतं. पण आम्ही उतरलो. मी तापायचो, घुरघुरायचो, पण हटायचो नाही. थंडी होती, सासूबाई माझ्या मागच्या गरम हवेशी पाय धरून बसायच्या. "गुणाचा आहे गं, काम करतो आणि शेकही देतो." असं कौतुक नव्या यंत्रांच्या नशिबात असतं का सांगा!

आता जे घडलं ते सांगताना माझा पंखा आजही जोरात फिरतो.

आराखडे द्यायची मुदत सोमवारी दुपारची होती. रविवारी पहाटे ताईनं मला शेवटचा, सगळ्यात अवघड भाग रंगवायला लावलं, वादळाचा. "याला हात लावू नका हं कुणी," असं सासूबाईंना सांगून ती बेकरीत गेली. त्याच दिवशी भावोजींचे साहेब आणि त्यांच्या पत्नी जेवायला येणार होते. सासूबाई शेजारच्या घरी जादाच्या खुर्च्या मागायला गेल्या आणि भावोजींचं लक्ष माझ्याकडे गेलं. चेपलेला कोपरा, दोन रंगांची झाकणं. त्यांनी पडदा बंद केला, त्याची तार काढली आणि मला ढकलत ढकलत कपड्यांच्या कपाटात नेलं. काम चालू राहावं म्हणून माझी विजेची तार दाराच्या फटीतून बाहेर ठेवली. घुरघुर ऐकू येऊ नये म्हणून वरून जाड रजई घातली आणि दार लावलं. भावोजी वाईट नाहीत, मित्रांनो. त्यांना फक्त लाज वाटली होती.

आत अंधार आणि गरमागरम हवा. मी ओढून घ्यायचो तीच हवा परत माझ्या तोंडावर यायची. एक चित्र रंगवलं. आणखी एक. मग प्रोसेसर इतका तापला की स्वतःला वाचवायला मला बंद पडावंच लागलं. हरलो नाही मी. मला गुदमरवलं गेलं.

ताई आली तेव्हा पाहुणे टेबलावर बसले होते. तिनं कोपऱ्याकडे पाहिलं. तिथं नुसता काळा पडदा.

"माझा संगणक कुठाय?"

"नंतर बोलू," भावोजी दबक्या आवाजात म्हणाले.

तिची नजर कपाटाच्या फटीतून आलेल्या तारेवर गेली. तिनं दार उघडलं, रजई भिरकावली आणि मला दोन्ही हातांनी उचललं. मी चांगलाच जड आहे. साहेबांच्या ताटाशेजारी तिनं मला ठेवलं तेव्हा ग्लासं हलली.

"अगं, काय करतेस! पाहुणे आहेत," भावोजी म्हणाले.

"पाहुण्यांचं स्वागतच आहे. पण उद्या माझं काम द्यायचंय आणि हा तापलाय. हा इथेच राहील, बाहेरच्या खोलीत, उघड्यावर. ज्याला बघवत नसेल त्यानं भिंतीकडे बघावं."

 सासूबाई उठल्या, साहेबांपुढचं ताट अलगद सरकवलं आणि म्हणाल्या, "जरा जागा द्या हो. पोर कामात आहे." मग आतून टेबलफॅन आणून त्यांनी माझ्याकडे तोंड करून ठेवला. ताईनं माझं बाजूचं झाकण काढलं. साहेबांच्या पत्नी खुर्ची जवळ घेऊन बघू लागल्या. "हे सगळं तुम्ही जोडलंत?" "हो," ताई म्हणाली. त्यावर काही सांगत बसायला तिला वेळ नव्हता.

मी थंड झालो, तेव्हा तिनं तारा पुन्हा लावून बटण दाबलं. आधी रंगवलेली सगळी चित्रं जागच्या जागी होती. फक्त ती दुपार वाया गेली होती. उरलेलं वादळ मी उघड्या अंगानं, टेबलफॅनच्या वाऱ्यावर पार पाडलं. सोमवारी मुदतीच्या आत ताई पेनड्राइव्ह घेऊन नाट्यगृहात पोचली.

पुढचं मी घरात ऐकलं तसं सांगतो. संचालिकांनी चलचित्र पाहिलं. "हेच घेऊ. पण आमचे नेहमीचे ज्येष्ठ नेपथ्यकार आहेत. जाहिरातीत नाव त्यांचं राहील. तुम्ही मदतनीस म्हणून या."

"दीपगृह माझं आहे," ताई म्हणाली. "नाव दुसऱ्याचं असेल तर दीपगृहही दुसऱ्याचंच घ्या." आणि पेनड्राइव्ह उचलून ती घरी आली.

भावोजींनी डोक्याला हात लावला. "हातातोंडाशी आलेलं घालवलंस!"

"तिनं नाही घालवलं," सासूबाई म्हणाल्या. "देणाऱ्यानं अर्धंच दिलं होतं."

 पुढचे काही दिवस ताईनं मला सुरूही केलं नाही. कामाचा शीण मला कळतो, पण हे नुसतं बसून राहणं फार जड गेलं. आणि मग फोन आला, त्या ज्येष्ठ नेपथ्यकारांचाच.

"त्या दिवशी मागच्या खुर्चीत बसून मी तुमचं काम पाहिलं. दुसऱ्याच्या भिंतीवर माझं नाव लिहायची मला सवय नाही, आणि तसं मी संचालिकाबाईंना सांगितलंय. उद्यापासून सुतार तुमचे. फक्त ते खिडकीचं दार बाहेर उघडू द्या, नाहीतर वादळाच्या प्रवेशात नटी अडकेल."

ताई हसली आणि रडली, दोन्ही एकदम. खिडकीचं दार तिनं त्याच संध्याकाळी माझ्यावर बदललं.

नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला भावोजी पहिल्या रांगेत होते. घरी येऊन त्यांनी सांगितलं की दिवा फिरला आणि वादळ सुरू झालं, तेव्हा पहिल्या रांगेतल्या लोकांनी पाय मागे घेतले, लाट आल्यासारखे. "मीही घेतले," ते म्हणाले. मग ते माझ्याजवळ आले, रुमालानं माझ्या जाळीतली धूळ पुसली आणि झोपायला गेले. तेव्हापासून दर सुटीच्या दिवशी ते मला साफ करतात.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ताईकडे नवा, ताकदवान संगणक आला आहे. मला त्याचा हेवा नाही. गेल्या महिन्यात तिनं बेकरीतल्या एका नव्या मुलीसाठी संगणक जोडायला घेतला. ती मुलगी कपड्यांवरच्या छापाची नक्षी करते, आणि तिलाही कुणीतरी 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं होतं. तिच्यासाठी ताईनं माझं ग्राफिक्स कार्ड काढून दिलं आणि पडद्याची तार मदरबोर्डच्याच भोकात लावली; साध्या कामाला तेवढं पुरतं. काढण्याआधी तिनं माझ्या चेपलेल्या कोपऱ्यावर हात ठेवला. मी कुरकुरलो नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पूजेची गरज नसते. जाळीतली धूळ काढा, श्वास घ्यायला मोकळी जागा द्या, आणि आमच्या रूपाची लाज वाटली म्हणून आम्हाला कोंडू नका. फेकून देण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. कधी एक तार चुकीच्या भोकात असते, एवढंच.

कार्ड काढल्यावर भावोजींनी सहज विचारलं, "आता हा जड काम करू शकणार नाही. मग याचा उपयोग काय?"

सासूबाई आता नव्वदीच्या आहेत. रोज संध्याकाळी माझ्या पडद्यावर त्या आपल्या धाकट्या बहिणीशी गप्पा मारतात. त्यांनी काठी टेकत खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसल्या आणि मुलाकडे न बघता म्हणाल्या, "आज त्याला विचारलंस, उद्या मला विचारशील. सरक बाजूला."

आणि त्यांनी बटण दाबलं. मी घसा खाकरला आणि सुरू झालो.